पंखा चालू कर

नणंदेने निवृत्तीच्या वर्षी जुनी मोटरबोट विकत घेतली तेव्हा सगळ्या घराने डोक्याला हात लावला. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं परीक्षानळ्या धुतलेल्या बाईला हे काय खूळ सुचलं, असं तिचा भाऊ म्हणाला, आणि पाण्याची भीती वाटते म्हणून तो स्वतः काही कधी बोटीत चढला नाही. चढली ती त्याची बायको. तिचं शिवणकामाचं दुकान रविवारी बंद असे, शिवाय नणंदेला नाही म्हणायची तिची छाती नव्हती.

नणंद बोटीच्या बाबतीत भारी काटेकोर. तळाचं बूच घट्ट आहे का, तेल किती आहे, लाइफ जॅकेटचे पट्टे धड आहेत का, सगळं हात लावून बघायची. इंजिन बोटीच्या पोटात, लाकडी झाकणाखाली. तिथे पेट्रोलची वाफ कोंडते आणि एका ठिणगीने भडका उडतो, म्हणून चावी फिरवण्याआधी चार मिनिटं आतला एक छोटा पंखा चालवून ती वाफ बाहेर काढायची. हे सगळं ती एकटी करायची, कारण दुसऱ्याने केलेलं तिला पटायचंच नाही. भावजय तेवढ्यात डबे आणि टोप्या लावत असे. त्या पंख्याची घरघर तिला इंजिनाचाच आवाज वाटायची. काही विचारलंच तर, "तू आपली बस गं, पाण्यात पडली नाहीस म्हणजे मिळवलं," एवढंच उत्तर. तेच दुसऱ्यांदा विचारलं तर टोमणा ठरलेला. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि भावजयीने दुसऱ्यांदा विचारणं कधीच सोडून दिलं होतं.

त्या रविवारी तलावाच्या काठाजवळ, उथळ पाण्यात, बोट गचकन थांबली. कुणीतरी टाकून दिलेली नायलॉनची दोरी बोटीच्या मागच्या पंख्यात गुंडाळली गेली होती. नणंदेने इंजिन बंद केलं, नांगर टाकला, सुरी घेतली आणि छातीएवढ्या पाण्यात उतरली. इतक्या काटेकोर बाईच्या हातून एकच गोष्ट राहिली. तिने चावी काढून घेतली नाही.

अर्धा तास दोघींच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. "मेल्या पंख्याला चार वेढे बसलेत बघ." "पंख्याचं एक पातं वाकलंय वाटतं." भावजय मागच्या कठड्यावरून वाकून हो ला हो करत होती. नणंद श्वास धरून खाली वाकायची, दोरी कापायची, वर येऊन फुरफुरायची. तिची कमरेपर्यंतची वेणी पाण्यावर तरंगत होती.

भावजयीच्या नाकाला वास लागला.

"ताई, पेट्रोलचा वास येतोय हो."

"मग पंखा चालू कर ना! एवढं पण सांगायला लागतं?"

भावजयीने पाण्यातल्या पंख्याकडे पाहिलं. "आत्ता?"

"नाही, पुढच्या रविवारी कर!" असं म्हणून नणंद पुन्हा खाली वाकली.

भावजय क्षणभर घुटमळली. ताई पंख्यापाशीच तर आहेत. पण बोट त्यांची, अक्कलही त्यांचीच, पंखा फिरवून बघायचा असेल, हात बाजूला घेतलेच असतील. ती पुढे गेली. नणंद कशी चावी फिरवते हे तिने शंभरदा पाहिलं होतं. तिने तशीच फिरवली.

इंजिन धडधडलं. गिअरची लिव्हर मधोमध, म्हणजे न्यूट्रलवर होती, बोट जागची हलली नाही. पण या जुन्या बोटीचा मागचा पंखा तसाही इंजिनाबरोबर थोडा थोडा फिरायचा. मागून फळीवर ठक्कन काहीतरी आपटलं. ओरडणं नाही, काही नाही.

तिने चावी उलटी फिरवली. सगळं गप्प झालं.

"ताई?"

कठड्याशी जाऊन तिने खाली पाहिलं. नणंदेच्या अंगातलं नारिंगी जॅकेट वर तरंगत होतं, डोकं मात्र पाण्याखाली बोटीला चिकटलेलं. बुडबुडे येत होते. वेणी पंख्यात गेली होती.

भावजय अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात पडली. नणंदेच्या मुठीतली सुरी तिने ओरबाडून घेतली, मानेजवळ केस चाचपले आणि कापले. एका फटक्यात जमलं नाही. दुसऱ्या, तिसऱ्या फटक्याला नणंदेचं तोंड वर आलं, निळसर पडलेलं, आणि ती खोकायला लागली. इतका भेसूर खोकला भावजयीने कधी ऐकला नव्हता.

दोघी बोटीच्या शिडीला धरून पाण्यात उभ्या राहिल्या.

"मारायला निघालीस का गं मला?" नणंद कशीबशी म्हणाली. "चावी कशाला फिरवलीस?"

"तुम्हीच म्हणालात! पंखा चालू कर म्हणालात!"

नणंदेने तोंडावरचे ओले केस मागे सारले.

"अगं, हा नव्हे," ती म्हणाली. "वाफेचा. आतला. चावीच्या वरच बटण आहे."

"आत पण पंखा आहे?"

नणंदेने डोळे मिटले. वास येत असताना चावी फिरवली होती. बोट पेटली कशी नाही, हा प्रश्न तिला आत्ता पडला असावा, कारण तिने शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. मानेवर तुटके केस वेडेवाकडे चिकटले होते.

"कळलं नव्हतं तर विचारायचं नाही का गं?" तिचा आवाज चिरकला. "एका शब्दाने विचारायचं!"

"विचारलं होतं, ताई," भावजय म्हणाली. "आत्ता, म्हणून विचारलं होतं."

पुढच्या रविवारी कर, हे आपलंच उत्तर नणंदेला आठवलं. शिडीवरून बाजूला सरकून तिने भावजयीला आधी वर चढू दिलं.