शिकंजा आणि पऱ्हाटीचा चिमटा

मी एक जुना शिकंजा. वजन अठ्ठावीस किलो, तोंड सहा इंची अन् स्वभाव चावरा. आधीच सांगून ठेवतो, म्हंजे मंग बोट अडकलं म्हणून रडत बसू नका.

मित्रांनो, शिकंजा म्हंजे काय ते तुमच्यातल्या अर्ध्यांना माहीत नसंल. सर लोक मला व्हाइस म्हणतात. लोखंड कापताना, घासताना हालू नये म्हणून त्याला दाबून धरायचं, हे माझं काम. माझा एक जबडा जागेवर बसलेला, दुसरा पुढं-मागं सरकणारा. बाहेर एक दांडा. तो फिरवला की माझं तोंड मिटतं, अन् एकदा मिटलं की मिटलं. मंग तुम्ही वढा, हिसका द्या, शिव्या घाला, मी सोडत न्हाई.

जन्म माझा पंजाबातला. वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं, ते थंड झालं, तो मी. ट्रकात बसून जालन्याला आलो. तिथं राधेश्याम शेठचं वर्कशॉप होतं. बियाणं साफ करायच्या मशिनींचे पार्ट तिथं दुरुस्त व्हायचे. मला एका जाड टेबलावर चार बोल्टांनी कसलं अन् संपत मिस्तरीच्या हवाली केलं.

संपत मिस्तरी तीर्थपुरीकडचा. सकाळी बाकीचे आधी चहाला जायचे, हा आधी माझ्याकडं यायचा. माझ्या स्क्रूच्या आट्यांतला कचरा ब्रशनं काढायचा, दोन थेंब तेल सोडायचा अन् मंग चहाला जायचा. बावीस वर्षं त्यानं हे केलं. शेठ कोणी गिऱ्हाईक आलं की माझ्यावर थाप मारायचे.

"हा माझा सगळ्यात जुना नोकर. सुट्टी मागत न्हाई, पगार वाढवा म्हणत न्हाई."

"शेठ, बोलता त्याच्याबद्दल अन् बघता माझ्याकडं, हे बराबर न्हाई," संपत मिस्तरी म्हणायचा.

असं हसत-खेळत चाललं होतं. मंग शेठनं नवीन मशिनी आणल्या. बटन दाबलं की त्या आपल्या आपणच पार्ट पकडतात. मला टेबलासकट उचलून मागच्या भिंतीला भंगारात टाकलं. जालन्यात भंगारात पडणं म्हंजे मजाक न्हाई बरं का. इथं सळईचे कारखाने हायेत. ट्रक भरला की सरळ भट्टीत. आज शिकंजा, परवा कोणाच्या तरी स्लॅबमधली सळई! सहा महिने मी ट्रकचा आवाज ऐकत गंजत राह्यलो.

त्याच साली संपत मिस्तरी काम सोडून गावाकडं निघाला. शेठनं शाल काढली.

"शाल नको शेठ. तो भंगारातला शिकंजा द्या."

"संपतराव, अहो त्या भंगाराचं काय करता?"

"अन् शालीचं काय करू? आपल्याकडं थंडी असती किती दिवस?"

मी असा गावाला आल्तो. संपत मिस्तरीनं मला घरी न्हाई ठेवलं. "घरी ठेवला तर कोंबड्या बसतील याच्यावर," म्हणला. सरळ गावच्या शाळेत घेऊन गेला. तिथं नववी-दहावीच्या पोरांना पुस्तकासंगं हातकाम शिकवायचं नुकतंच चालू झाल्तं. मैदानाच्या कडंला पत्र्याचं शेड, अन् शिकवायला राजानंद सर.

"जय भीम सर. पोरांना धरून ठेवायचं काम तुमचं, लोखंड धरायचं काम याचं," संपत मिस्तरी म्हणला.

पोरं बी लई गुणाची निघाली. पहिल्या साली त्यांनी मोडके बेंच जोडले. दुसऱ्या साली सायकलींचं स्टँड केलं, हात धुवायच्या नळांची लाइन टाकली, गावातल्या हापशाचा दांडा नीट केला. हापसा चालू झाला त्या दिवशी बायांनी पोरांना गूळ वाटला. मला कोणी दिला न्हाई, पण तो दांडा धरला होता कोणी? मीच ना!

मंग राजानंद सरांची वर्षासाठी दुसरीकडं नेमणूक झाली अन् शेडला कुलूप लागलं. हेडमास्तर काकासाहेब सर तेवढे अधूनमधून यायचे. मला वाटायचं, आता काहीतरी काम काढतील. ते खिशातून सुपारी काढायचे, माझ्या तोंडात ठेवायचे अन् दांडा फिरवायचे. कट! तुकडा तोंडात टाकून निघून जायचे. मित्रांनो, मला लई राग यायचा. पोलादाच्या तोंडात सुपारी! वर्षभर मी दुसरं काही चावलं न्हाई.

सर परत आले तेव्हा त्यांच्या मागं नववीचा नवा वर्ग आत घुसला. त्यात एक पोरगी होती, अक्षता. तिनं कोणाला न विचारता फडकं घेतलं अन् माझा गंज पुसायला लागली. आधी आट्या साफ केल्या, मंग दोन थेंब तेल. मी ओळखलं. ही संपत मिस्तरीची नात.

अक्षता जरा तापट डोक्याची. तिला एकच गोष्ट करायची होती, पऱ्हाटी उपटायचा चिमटा.

आपल्याकडं कापसाची वेचणी संपली की शेतात कापूस वेचलेली नुसती झाडं, म्हंजे पऱ्हाट्या, उभ्या राहतात. त्या मुळासकट काढल्याशिवाय पुढचं पीक घेता येत न्हाई. अक्षताची माय दीपमाला, तिची आठ बायांची टोळी हाये. त्या हे काम करतात. हातानं उपटून उपटून तळव्याला फोड येतात, भाकर थापायची म्हणलं तरी झोंबतं. बाजारात लोखंडी चिमटे मिळतात, पण ते उंच गड्यांच्या मापाचे अन् जड. बाईनं दिवसभर वापरला तर पाठच धरती.

म्हणून अक्षता अन् तिच्याच वर्गातला आदिनाथ, दोघांनी हलका चिमटा करायला घेतला. लांब पाइपचा दांडा, खाली दोन जबडे, त्याच्या बुडाला टेकू. जबड्यात पऱ्हाटी धरायची, टेकू जमिनीवर ठेवायचा अन् दांडा खाली दाबायचा. पऱ्हाटी वर. वाकायचं काम न्हाई. तीन आठवडे मी त्यांचा एक-एक तुकडा धरला. आदिनाथ कापायचा, अक्षता घासायची, अन् दोघं दिवसभर भांडायचे.

"अय, तिरपं कापून राह्यला तू!"

"तिरपं न्हाई, तूच तिरपी उभी हायेस."

चिमटा झाला. जिल्ह्यातल्या शाळांचं प्रदर्शन जालन्याला भरणार होतं, तिथं तो मांडायचा होता अन् बारा दिवस राह्यले होते. रविवारी दोघं चिमटा घेऊन शेतात गेले. मी अन् सुट्टी असून आलेले सर शेडमधी वाट बघत बसलो. अक्षता परत आली अन् तिनं चिमटा असा आपटला की माझं टेबल हाललं.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

आदिनाथनं सांगितलं. "सर, जबड्यात पऱ्हाटी नीट बसतच न्हाई. दाबून बसवली, तर दांडा दाबल्यावर नुसती साल निघून आली. पऱ्हाटी तिथंच. टोळीतल्या मालनबाई म्हणल्या, पोरी, उपटायला आणलं का सोलायला? सगळी टोळी हसली."

"अन् तुझी माय?"

"ती हसली न्हाई," अक्षता म्हणली. "तिनं चिमटा बांधावर नेऊन ठेवला अन् परत हातानं उपटायला लागली. काही बोलली असती तरी चाललं असतं, सर."

तिच्या डोळ्यात पाणी आलं, ते तिनं तेलकट हातानंच पुसलं. गालावर काळा पट्टा उठला. मंग म्हणली, "नंबर येऊ नायतर नको येऊ. मायनं तो चिमटा आपल्या हातानं उचलला पाहिजे. बस."

दुसऱ्या दिवशी संपत मिस्तरी शेडमधी आला. त्यानं चिमट्याचं तोंड उघडझाप करून बघितलं.

"माप कुठल्या पऱ्हाटीचं घेतलं?"

"घरामागच्या ढिगातल्या."

"म्हंजे चुलीच्या सरपणाच्या?"

मित्रांनो, आमच्याकडं घरोघरी मागच्या अंगाला पऱ्हाट्यांचा ढीग रचलेला असतो, वर्षभर चुलीत घालायला. सरांनी माप आणा म्हणल्याबरोबर सगळा वर्ग आपापल्या ढिगाकडं पळाल्ता. अकरा पोरांनी अकरा ढिगांची मापं आणली अन् सगळ्यांची सारखीच आली. म्हणून सर बी म्हणले, बराबर हाये. अरे, पण ते गेल्या सालचं! वाळून, आक्रसून काडी झालेलं. शेतातली पऱ्हाटी जाड, ओली, सालीला चिकट. सगळे एकदम चुकले, म्हणून चूक कोणालाच दिसली न्हाई.

"माझ्या बी घरामागं असाच ढीग हाये, तरी ध्यानात आलं न्हाई," राजानंद सर म्हणले अन् कपाळावर हात मारून हसायला लागले.

अक्षता पळत गेली, शेतातनं ताजी पऱ्हाटी आणली अन् माझ्या तोंडात आवळली. दोन्ही हातांनी वढली. हालली न्हाई. आदिनाथनं पाय लावून वढली. हालली न्हाई. साल बी निघाली न्हाई.

"आजोबा, हा कसा काय सोडत न्हाई?"

"त्यालाच विचार की. तोंड उघडून बघ त्याचं."

तिनं दांडा उलटा फिरवला अन् माझ्या तोंडात डोकावली. माझ्या जबड्यांना आतून आडव्या-तिडव्या बारीक खाचा हायेत. चिमट्याचे जबडे मात्र तिनं घासून घासून आरशावाणी गुळगुळीत केल्ते, छान दिसावेत म्हणून! तिनं माझ्याकडं बघितलं, मंग चिमट्याकडं बघितलं अन् जोरात ओरडली, "आदिनाथ, तीनधारी कानस आण! जल्दी!"

चार दिवस ती कानशीनं लोखंड घासून खाचा पाडत होती. जबडा रुंद केला, तिरप्या खाचा एका अंगानं, मंग दुसऱ्या अंगानं. मी चिमट्याचा जबडा माझ्या जबड्यात धरून होतो. कानशीनं माझे बी दात शिवशिवले, पण मी धरलेलं सोडलं न्हाई.

चिमटा घरी नेला, तर माय म्हणली, "आता टोळीसमोर परत तमाशा नको. प्रदर्शन बघायला येते मी. हात लावायला सांगू नको." ती एकदा बोलली की बोलली. बापाची न्हाई, पण सासऱ्याची, म्हंजे संपत मिस्तरीची, सवय लागली असंल.

एक अडचण राह्यली होती. प्रदर्शनाच्या हॉलमधी चिमटा चालवून दाखवायचा कसा? तिथं शेत कुठं?

"बादलीत माती भरून पऱ्हाटी रोवू," आदिनाथ म्हणला.

"मंग बादलीच वर येईल, येड्या." अक्षतानं माझ्यावर हात ठेवला. "जमीन न्हेता येत न्हाई. पण जमिनीवाणी धरणारा हाये की एक."

अन् मी टेबलासकट टेम्पोत चढलो. इतक्या वर्षांनी परत जालना! भंगाराचा एक ट्रक आमच्या बाजूनं गेला, तेव्हा मी माझे चारी बोल्ट घट्ट धरून बसलो. पण टेम्पो पुढं निघाला.

हॉल गच्च भरला होता. लाइटी लुकलुकणारे मॉडेल, पाणी उडवणारे मॉडेल. आमच्याकडं एक काळा लोखंडी मी अन् माझ्या तोंडात उभी एक पऱ्हाटी. परीक्षक आले. पांढरा शर्ट, इन केलेला. त्यांनी माझ्याकडं बघून भुवया वर केल्या.

"हे सैल ठेवलेलं नसेल कशावरून?"

आदिनाथ घाबरला. अक्षताचं डोकं तापलं. "मंग तुम्हीच आवळा ना, सर."

त्यांनी खरंच आवळलं. दोन्ही हातांनी, पार शेवटपर्यंत. मंग चिमटा घेतला, पऱ्हाटीला लावला अन् दांडा दाबला. हालली न्हाई. परत दाबला. न्हाई. "हं," म्हणून ते वहीत काहीतरी लिहायला लागले. अक्षताचं तोंड एवढंसं झालं.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"ओ साहेब, तसं न्हाई. हातानं कशाला दाबता, अंगाचा भार टाका. अन् पाय पुढं घ्या."

दीपमाला. पोरीच्या चिमट्याला हात लावणार नव्हती, पण काम चुकीचं चाललेलं तिला बघवंना.

"मंग तुम्हीच दाखवा, बाई," परीक्षक म्हणले.

तिनं पोरीकडं बघितलं. अक्षता तिच्याकडं बघतच न्हवती, जमिनीकडं बघत होती. मंग दीपमालानं पदर खोचला, पुढं आली अन् चिमटा उचलला. आपल्या हातानं.

मित्रांनो, आता माझं सांगतो. मी जन्मात काही सोडलं न्हाई, तो माझा सगळा मान. अन् मनातून मला वाटत होतं की आज सुटावं. पण मुद्दाम सैल पडणं मला जमत न्हाई, मी तसा बनलेलोच न्हाई. मी होतं तेवढं सगळं बळ लावून धरलं. तिनं जबडा लावला, टेकू माझ्या अंगावर ठेवला, पाय पुढं घेतला अन् भार टाकला. टेबल करकरलं. माझ्या तोंडात काहीतरी सरकलं. अन् सर्रकन पऱ्हाटी वर!

माझ्या दातांत नुसती साल राह्यली.

हॉलमधी टाळ्या पडल्या. पहिल्यांदा हरलो अन् इतका खूश मी कधीच न्हवतो. दीपमालानं पऱ्हाटी फिरवून बघितली, चिमट्याचं तोंड बघितलं, खाचांवरून बोट फिरवलं.

"ह्या तूच पाडल्या?"

"हो, माय."

"बोटं सोलली असतील."

"थोडी."

एवढंच. नंबर दुसरा आला. पहिला राजूरकडच्या पोरींचा आला. त्यांचं शेंगा फोडायचं यंत्र खरंच भारी होतं, खोटं कशाला बोलू. पण दीपमाला चिमटा परत देईना.

"सोमवारी काम हाये माझं. राहू दे माझ्याकडं."

"माय, शाळेचा हाये तो!"

"मंग शाळेला सांग, दुसरा बनव."

आता शेडसमोर टोळीतल्या बायांची रांग लागलीय. काकासाहेब सर स्वतः टेप घेऊन एकेकीची उंची मोजून राह्यलेत.

"मालनबाई, टाचा खाली टेकवा."

"टेकवल्यात सर, मी हायेच एवढी. दांडा आखूड करा माझा, नायतर मीच वर लटकीन."

मित्रांनो, तुमच्या शाळेत बी असं एखादं शेड असंल. त्याला कुलूप असंल, तर चावी मागा. दिली न्हाई तर परत मागा. आत कोणी गंजत पडलेला दिसला, तर फडक्यानं पुसा अन् कामाला लावा. आमची कामानं झीज होत न्हाई, पडून राह्यल्यानं होती. अन् काही बनवलं, तर ज्याच्यासाठी बनवलं त्याच्या हातात द्या. तो बांधावर ठेवंल, हसंल. मंग परत बनवा.

अजून बरंच सांगायचं होतं. पण अक्षतानं दांडा फिरवलाय, मालनबाईचा पाइप तोंडात आलाय. आता बोलता यायचं न्हाई.