कडूबा मिस्त्रींची थैली

काकासाहेबांच्या ओसरीत खुंटीला कडूबा मिस्त्रींची थैली लटकत होती, आणि तिच्यापायी आमच्या घरात कुणाला घास गोड लागेना.

जालन्यात तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि वीज ही नवलाची गोष्ट होती. कापसाच्या जिनिंगच्या शेटजींनी आपल्या डायनामोवरून आसपासच्या घरांना वीज देऊ केली, त्यातलं एक घर काकासाहेबांचं. मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. कडूबा मिस्त्रींनी अर्ध्या घरात वायर ओढली आणि एक दिवस भांडून निघून गेले. भांडण कशावरून झालं ते ना ते सांगत, ना काकासाहेब.

मग काकासाहेब आमच्या दारात हजर.

"रायभान, उरलेलं काम तू कर, पण जल्दी कर. लग्नात अंधार दिसला तर माझं नाक कापलं जाईल. काम बराबर झालं तर शेटजींना सांगून तुला मिस्त्री करतो."

आमचे मालक रायभान म्हणजे सासऱ्यांची मेंढरं सोडून जिनिंगात इंजिनाला तेल घालायला गेलेला माणूस. मिस्त्री म्हणवून घ्यायची त्यांना केवढी हौस! झोपेतसुद्धा भिंतीवर बटन दाबायचे. पण वायरीचं काम त्यांना शिकवलं कडूबा मिस्त्रींनीच, आणि मिस्त्री लोकांचा एक कायदा होता. कामावर हत्यारांची थैली टांगलेली आहे तोवर ते काम थैलीवाल्याचं. त्यानं आपल्या हातानं उतरवून दिली तरच दुसऱ्यानं हात लावायचा. जो हे मोडेल त्याच्या शेजारी पुन्हा कुणी मिस्त्री उभा राहत नसे.

मालक आपल्या उस्तादांकडे, कडूबा मिस्त्रींकडे, गेले आणि तोंड पाडून परत आले.

"काय म्हणले?" मी विचारलं.

"म्हणले, तुला करायचं तर कर. पण थैली मी उतरवणार न्हाई."

"का?"

"ते न्हाई सांगितलं."

"मंग खोदून विचारायचं की! इंजिनापाशी तर दिवसभर बडबडता."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. मला त्यांचा रागही आला आणि दयाही आली. त्यांना उस्ताद सोडवत नव्हते आणि कामही सोडवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी दुर्गाबाईंकडे, म्हणजे काकासाहेबांच्या मालकिणीकडे, लग्नाचे लाडू वळायला गेले. परात आणायला सैपाकघरात शिरले आणि भर दुपारी पाण्याच्या घागरीला धडकले. खिडकी नाही, झरोका नाही, नुसता धूर.

"हळू गं आसरा," दुर्गाबाई हसल्या. "मी तर वासावरून भाकर उलटते."

चुलीच्या वर भिंतीतून वायरीचं टोक बाहेर आलं होतं. त्यावर बाईंनी चहाची गाळणी अडकवली होती.

"हे काय?"

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "कडूबा मिस्त्रींनी मला विचारलं, बाई, तुम्हाला दिवा कुठं पाहिजे? या घरात आल्यापासून मला असं कुणी विचारलं न्हाई. मी म्हणलं, चुलीवर. तर आमचे मालक म्हणले, चूल कोण पाहायला येऊन राह्यलं? तो दिवा बी दारावर लावा. मिस्त्री म्हणले, बाईंना कबूल केलंय, आता बिलकुल बदलणार न्हाई. अन् गेले निघून. मीच त्यांना हात जोडले, बाबा, माझं नाव कुठं घेऊ नका. लग्नघरात तमाशा नको."

माझ्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तरी बाईंनी मला सांगितलं, म्हणजे पुढं जावं हीच त्यांची इच्छा असणार, असं मी धरून चालले.

मालकांनी ऐकलं आणि तडक काकासाहेबांची ओसरी गाठली. मी मागून पळत.

"काकासाहेब, उस्तादांचं काम मी पुरं करीन," ते म्हणाले. "पण त्यांनी धरलं तसंच. वायर चुलीपर्यंत आलीय. आधी तिथं दिवा लागंन, मंग दारात."

"घर माझं आहे का कडूबाचं?"

"घर तुमचंच. काम उस्तादांचं."

मिस्त्रीपण हातचं चाललं होतं, तरी ते हटले नाहीत. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

तेवढ्यात दुर्गाबाई लाडवांची परात घेऊन बाहेर आल्या आणि उंबऱ्यातच बसल्या. "बायांनो, चुलीच्या विटा इकडं आणा गं. जिथं दिवा, तिथं सैपाक."

लाडू वळायला जमलेल्या बायकांना काय, तेवढंच पाहिजे होतं. एकीनं तवा आणला, दुसरीनं सरपण. भोकरदनचे व्याही त्याच दिवशी यायचे होते. काकासाहेबांनी दारातल्या सरपणाकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, पायात जोडा घातला आणि स्वतः कडूबा मिस्त्रींना आणायला गेले.

मिस्त्री आले. थैली खुंटीवरून उतरवली, कपाळाला लावली आणि मालकांच्या हातात दिली.

"ज्या कामावरून एकदा उठलो, त्याला मी परत हात लावत न्हाई. घे, रायभान मिस्त्री."

मालकांचे डोळे भरून आले. मी पदरानं नाक पुसलं आणि धुराचं निमित्त केलं.

दिवेलागणीला डायनामो सुरू झाला आणि चुलीवर दिवा लागला. तो पाहायला काकासाहेब कधी नव्हे ते सैपाकघरात आले. वर न बघता ते बाईंच्या हातांकडेच बघत राहिले. कोपरापर्यंत चटक्यांचे डाग होते, काही जुने, काही ताजे.

"हे कधी भाजलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"यातलं कोणतं?" बाई म्हणाल्या आणि भाकर थापू लागल्या.

काकासाहेब मालकांकडे वळले.

"मिस्त्री, दारावर दिवा नसला तरी चालंन. तो बी इथंच लावा."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी थैली पुढे केली.