विश्वेश बाहेर बसला असताना

कंपनीतल्या अखिलाने फोनवर आधी हवापाण्याची चौकशी केली, तेव्हाच विश्वेशने ओळखलं की आपण पाठवलेली ध्वनिमुद्रणं नापास झाली आहेत.

"आवाज स्वच्छ आहेत, सर," ती बेंगळुरूहून म्हणाली. "पण ही माणसं बातम्या दिल्यासारखी बोलतात. माझी आजी कुंभकोणमच्या मराठी घरातली होती. ती असं बोलत नव्हती. खरं सांगू?"

"सांग ना."

"सगळी तुमच्यासारखी बोलतात."

विश्वेशची कंपनी बोलणं ऐकून ते आपोआप लिहून काढणारी प्रणाली बनवत होती. तिचा सगळा आराखडा विश्वेशचा. पहिल्या आवृत्तीत घ्यायच्या लहान बोलींमध्ये तंजावूरची मराठी त्याने भांडून घातली होती. महिनाअखेरपर्यंत घरगुती गप्पांचा खराखुरा नमुना मिळाला नाही, तर ती वगळायची असं वरून ठरलं होतं. एकदा वगळलेली बोली पुन्हा कोणी हातात घेत नाही, हे त्याला इतक्या वर्षांच्या नोकरीत पुरतं कळलं होतं.

"तुम्ही समोर बसता म्हणून होतं असेल," अखिला म्हणाली. "एकदा तुम्ही खोलीत नसताना करून बघा."

विश्वेशने नोकरी धरली तेव्हा वेबसाइटवर देवनागरी अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसायच्या. पुण्याच्या एका दैनिकाची वेबसाइट कुठल्याही संगणकावर नीट दिसावी म्हणून त्याने पहिली दोन वर्षं घालवली. मग कीबोर्ड, मग शोधयंत्र, मग आवाज. त्या पुण्याच्या कचेरीत पहिल्याच दिवशी तो आपल्या घरच्या, तंजावूरच्या मराठीत काहीतरी बोलला आणि सगळे हसले. दुष्टपणे नाही. उलट शेजारच्या खोलीतल्यांना बोलावून आणलं, म्हणाले, "परत बोल की, काय गोड वाटतं!" तो परत बोलला. त्यानंतर मात्र घरातली एकेक लकब त्याने दूर केली आणि वर्षभरात अशी मराठी बोलू लागला की कोणी गाव विचारेना. पुढे त्याने लग्न केलं, ते टिकलं नाही. आई गेली. काम कुठूनही करता येतं म्हटल्यावर तो तंजावूरला परतला आणि मेडिकल कॉलेज रोडवर फ्लॅट घेऊन राहू लागला. तिथे त्याचं बोलणं व्हायचं ते कामाच्या फोनवर, नाहीतर इस्त्रीवाल्याशी.

राजम आत्या त्याच्या वडिलांची चुलत बहीण. राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचं दुमजली सिमेंटचं घर. घरात त्या, त्यांचे यजमान अप्पाजी आणि विधवा जाऊ महालक्ष्मी. या घरात तिघं आपसात मराठी बोलायची. दारात परकं माणूस दिसलं की एका श्वासात तमिळवर यायची. परक्यासमोर आपली भाषा बोलणं म्हणजे त्याला बाहेर ठेवणं, हा इथल्या घरांचा जुना शिष्टाचार. दूधवाला असो की कलेक्टर, नियम एकच.

गुरुवारी सकाळी विश्वेश पोचला तेव्हा आत्या दारातच म्हणाल्या, "वांगो, वांगो. उक्कारुंगो." या, बसा. जावयाला म्हणावं तसं.

"आत्या, मराठीतच बोलू या," तो म्हणाला.

"बोलू या की," आत्या म्हणाल्या आणि पदर सावरून ताठ बसल्या. "आपली प्रकृती उत्तम आहे ना?" हे वाक्य त्यांनी आयुष्यात दुसऱ्या कोणाला म्हटलं नसावं.

विश्वेशने काडेपेटीएवढा रेकॉर्डर बाहेर काढला. हा स्वयंपाकघरात ठेवतो, तांबडा दिवा लागला की सगळं ऐकू येतं, तुम्ही नेहमीसारखं काम करा, मी बाहेर बसतो, असं त्याने दोघींना नीट समजावलं.

"आम्ही काय बोलायचं?" महालक्ष्मीने विचारलं.

"रोज बोलता ते."

"रोज आम्ही भांडतो."

"भांडा."

दोघी हसल्या आणि आत गेल्या. तो घरापुढच्या ओट्यावर आला. पाहुण्याला एकटं बसवायचं नाही म्हणून अप्पाजीही काठी टेकत आले. वीज मंडळातून निवृत्त झालेले अप्पाजी तमिळमधून सुरू झाले. मेट्टूर धरणाचं पाणी यंदा वेळेवर सुटलं. पापनाशमजवळच्या शेतात पहिल्या भाताची लावणी झाली. कालवा मात्र कोणी साफ केला नाही. विश्वेश मराठीत उत्तर द्यायचा, अप्पाजी मान डोलावायचे आणि पुढचं वाक्य परत तमिळमध्ये. शेवटी विश्वेशही तमिळवर आला. अप्पाजींना मोकळं झाल्यासारखं वाटलं, त्यांनी पाय लांब केले.

आतून मिक्सरची घरघर येत होती. मग कुकर. मग हसणं, मोठं, दोघींचं. विश्वेशने वळून पाहिलं. दार लोटलेलं होतं.

दुपारी फ्लॅटवर येऊन त्याने कानांवर हेडफोन चढवले. पहिला भाग मिक्सरने खाल्ला होता. त्यानंतर शिट्ट्या, नळ, भांडी. कोणाच्या तरी मुलीचं लग्न ठरल्याची बातमी निम्मी ऐकू येत होती, निम्मी फोडणीत गेली होती. त्याने आशा सोडायला घेतली होती, तेवढ्यात गॅस बंद झाल्याचा आवाज आला, स्टूल सरकलं आणि महालक्ष्मीचा आवाज स्वच्छ उमटला.

"गेला कां?"

"ओट्यावर आहे. यांच्याशी तमिळ बोलतोय."

"बेश झालं. सुटलों."

"असं म्हणू नये गे."

"कां म्हणू नये? मज भय वाटतं त्याच्याशी बोलायला. तो बोलतो अस्कं पुस्तकातलं. आपलं चुकलं म्हणजे?"

"मज 'तुम्ही' म्हणतो," राजम आत्या म्हणाल्या. "आत्येला कोण 'तुम्ही' म्हणतं? लहानपणी इथंच, या पाटावर बसून 'आत्ये, मज अजून वाढ' म्हणायचा. अंबटभाजी त्यास किती आवडायची."

"आज ठेवून घे मग जेवायला."

विळीवर भाजी चिरल्याचा आवाज सुरू झाला.

"नको," आत्या म्हणाल्या. "तो बसला की ताठ बसावं लागतं. पाठ दुखते गे माझी."

महालक्ष्मी खळखळून हसली. मग आत्याही. तेच हसणं त्याने ओट्यावर बसून ऐकलं होतं.

"कोणाशी बोलत असेल तो त्या फ्लॅटात?"

"कंप्यूटरशी."

"तो तरी त्यास उत्तर देतो कां?"

इथे पुन्हा नळ सुटला आणि बोलणं बुडालं.

विश्वेशने तो भाग पुन्हा लावला. त्याच्या आईचे हेल होते त्यात. वाक्याच्या शेवटी आवाज वर जाऊन थांबायचा, तसाच. कान म्हणत होता, हेच हवं होतं. भीतीचं वाक्य त्याने तिसऱ्यांदा ऐकलं, तेव्हा त्याला पुण्याची ती खोली आठवली. फरक एवढाच की आता हसणाऱ्यांच्या जागी तो बसला होता, आणि त्याने तर हसूनही दाखवलं नव्हतं.

अख्ख्या ध्वनिमुद्रणात कामाचा भाग हाच. नेमका हाच पाठवणं अवघड होतं. ज्याच्याविषयी बोललं गेलं आहे, त्याची संमती नसेल तर तो भाग कापायचा, आणि बोलणाऱ्यांनी स्वतः ऐकून हो म्हटल्याशिवाय काहीही पाठवायचं नाही, असे दोन नियम होते. दोन्ही विश्वेशनेच घालून दिलेले. पहिली संमती द्यायला तो स्वतः होता. दुसरीसाठी आत्यांसमोर बसून त्यांना हे ऐकवायला हवं होतं. कापून टाकलं तर कोणाला कळणार नव्हतं. आत्यांची लाज राहिली असती, त्याचीही. बोली तेवढी गेली असती.

संध्याकाळपर्यंत त्याने शब्दन् शब्द उतरवून काढला. 'मज भय वाटतं' हे लिहिताना त्याने 'मला' केलं नाही, 'अस्कं'चं 'सगळं' केलं नाही. 'पाठ दुखते' हेही ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तो गेला तेव्हा तिघंही घरात होती. "वांगो" झालं, कॉफी झाली. त्याने रेकॉर्डर टीपॉयवर ठेवला आणि सांगितलं की यातला थोडा भाग कंपनीला पाठवायचा आहे, तो आधी तुम्ही ऐकायला हवा.

"आम्हाला काय कळतं त्यातलं," आत्या घाईने म्हणाल्या. "घेऊन जा."

"नियम आहे, आत्या."

त्याने बटण दाबलं. "गेला कां?" महालक्ष्मीचा आवाज दिवाणखान्यात घुमला. महालक्ष्मीने तोंडावर हात ठेवला. राजम आत्यांचा चेहरा उतरत गेला आणि पाटाचा उल्लेख आला तेव्हा त्यांना राहवलं नाही.

"अस्कं ऐकलंस तू?"

विश्वेश परत आल्यापासून त्या त्याच्याशी आपल्या भाषेत बोलल्या त्या पहिल्यांदाच.

विश्वेशला उत्तर त्याच भाषेत द्यायचं होतं. शब्द त्याला ठाऊक होते, कालच लिहून काढले होते. "हो, आत्या," तो म्हणाला, "सगळं ऐकलं. मला वाईट वाटलं नाही. तुम्ही खरंच मनावर घेऊ नका." बोलता बोलताच त्याला ऐकू आलं की हे पुस्तकातलं आहे.

आत्यांनी पाठ ताठ केली.

"पाठवू ना?" त्याने विचारलं.

"पाठव की," महालक्ष्मी म्हणाली. "खोटं काय बोललों आम्ही?"

अप्पाजी खाकरले. राजम आत्यांनी मानेनेच होकार दिला, मग उठता उठता तमिळमधून विचारलं, अजून थोडी कॉफी घ्याल का.

अखिलाचं उत्तर तासाभरात आलं. असाच नमुना हवा होता, आजीची आठवण झाली, असं तिने लिहिलं होतं. आणि खाली विचारलं होतं, 'ज्या गृहस्थांविषयी या बायका बोलतायत त्यांची संमती घेतली ना?' विश्वेशने लिहिलं, 'घेतली आहे.' तिने पुढे काही विचारलं नाही. त्या नमुन्याच्या जोरावर बोलीला मुदत वाढवून मिळाली, आत्यांच्या ओळखीतल्या आणखी घरांत रेकॉर्डर फिरला. प्रत्येक घरात तो ठेवून विश्वेश बाहेर बसत असे.

पावसाळा सरल्यावर पहिली आवृत्ती आली. विश्वेश फोन घेऊन राजवाड्यामागच्या गल्लीत गेला. आत्यांना देवनागरी वाचता येत नाही म्हणून बोललेलं तमिळ लिपीत उमटेल अशी सोय त्याने खास करून घेतली होती. "काहीही बोला," तो म्हणाला.

आत्या फोनकडे संशयाने बघत म्हणाल्या, "महालक्ष्मी, दूध उतू जातंय, बघ गे." पडद्यावर अक्षरं उमटली. त्यांनी चष्मा लावून ती मोठ्याने वाचली आणि त्यांच्या तोंडून 'अय्यो' निघालं. महालक्ष्मी दूध सोडून धावत आली. "मज दे, मज दे." तिने फोनला विचारलं की तुझं जेवण झालं का. तेही उमटलं. मग दोघी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेल्या, कारण दूध खरंच उतू गेलं होतं.

विश्वेश दिवाणखान्यात उभा राहिला. आत जावं असं त्याच्या मनात आलं, तो दाराशी गेलाही. आत राजम आत्या पाटावर बसून फोनला अंबटभाजी कशी करायची ते सांगत होत्या. पाठ वाकवून, मांडी घालून, हातवारे करत. त्याची सावली उंबऱ्यावर पडली असती तर त्या सावरून बसल्या असत्या. तो मागे फिरला.

ओट्यावर अप्पाजींनी त्याच्यासाठी सरकून जागा केली. "फोन आतच राहिला की तुमचा," ते तमिळमध्ये म्हणाले. "आणायला सांगू?"

"असू दे," विश्वेश तमिळमध्येच म्हणाला. "बोलू दे त्यांना."

अप्पाजींनी पाय लांब केले आणि कालव्याचं सांगायला घेतलं.