एक पॉइंट दहा

माझ्या नवऱ्याला इतिहासाची आवड आहे, हे लग्न ठरवतानाच मला सांगण्यात आलं होतं. मला वाटलं, राजे, लढाया, सनावळ्या. म्हटलं चालेल, कुठे फिरायला गेलो तर निदान माहिती तरी सांगेल. लग्नानंतर कळलं की साहेबांचा इतिहास एका व्हिडिओ गेमच्या यंत्राचा आहे. तोही अख्ख्या यंत्राचा नाही, त्याच्या फर्मवेअरचा. फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या पोटातला तो मूळ प्रोग्रॅम, ज्याच्या जोरावर यंत्र उठतं-बसतं. कंपनी मधूनमधून त्यात सुधारणा करते आणि दर सुधारणेला नवा नंबर देते. एक पॉइंट शून्य, मग एक पॉइंट एक, मग एक पॉइंट दोन. यंत्र नवीन होतं त्या काळात कुठला नंबर कधी आला आणि त्यात काय बदललं, याचा शोध घेणारी जगात मूठभर माणसं आहेत. त्यातलं एक माझ्या वाट्याला आलं.

दिवसा तो लिफ्ट दुरुस्त करतो. संध्याकाळी हातपाय धुऊन लॅपटॉपसमोर बसला की आमचे संशोधक महाराज होतात. त्यांच्या ग्रुपमध्ये वीसेक जण आहेत, कोणी कोणाला पाहिलेलं नाही, आणि भांडतात मात्र सख्ख्या भावांसारखे. त्यात एक गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही घरात ‘पुरावेवाले’ म्हणतो, कारण काहीही सांगा, ते एकच विचारतात: पुरावा? माझ्या नवऱ्याने त्यांना एकदा वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या, तर तारीख कुठून कळली हे विचारून घेतलं.

गेल्या वर्षी आई गेली आणि मी बाबांना आमच्याकडे घेऊन आले. बाबा गणिताचे मास्तर. निवृत्त झालेत, पण ते फक्त शाळेपुरते. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. तिथे बाहेर पाटी लावली होती, ‘पन्नास टक्के अधिक वीस टक्के, एकूण सत्तर टक्के सूट’. बाबा मला डबा द्यायला आले आणि मॅनेजरला काउंटरवर बसवून शिकवून गेले की सूट साठच टक्के होते. मॅनेजरने पाटी बदलली. आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाही.

असे बाबा मागच्या महिन्यात एका संध्याकाळी म्हणाले, “मी ज्येष्ठांच्या निवासात खोली बघून आलोय. एक तारखेला जातो.”

मी हातातली बशी ठेवली. “का पण?”

“तुम्ही दोघं दिवसभर कामावर. मी खिडकीत. तिथे पत्ते खेळायला चार माणसं तरी आहेत. इथे माझा काय उपयोग?”

मी म्हटलं, तिथला डॉक्टर रोज येत नाही. बाबा म्हणाले, इथेही येत नाही. मी म्हटलं, जिने फार आहेत. ते म्हणाले, लिफ्ट आहे आणि ती चालू असते, जावयाच्या इमारतीतल्यासारखी नाही. खरं सांगायचं तर मला ते जायला नको होते, एवढंच. पण ते सोडून मी बाकी सगळी कारणं देत होते, आणि जन्मभर पोरांच्या सबबी ऐकलेला माणूस ती एकेक करून खोडत होता. नवऱ्याने मध्ये पडून पाहिलं. पण त्या दोघांचं बोलणं ‘जेवलात का बाबा’ आणि ‘आज उशीर झाला जावईबापू’ यापलीकडे कधी गेलंच नव्हतं.

ते गेलं एका शनिवारी, एका नंबरामुळे.

नवरा फोनवर ग्रुपमधल्या कुणाशी तरी तावातावाने बोलत होता. “एक पॉइंट दहा होतं! मी सांगतो ना, होतं!” फोन ठेवला तर दारात बाबा उभे.

“एक पॉइंट दहा असं काही नसतं,” बाबा म्हणाले. “एक पॉइंट एक शून्य म्हणा. दशांश चिन्हापुढचे आकडे सुटे वाचायचे असतात.”

मी मनात म्हटलं, झालं.

“बाबा, ते दशांश चिन्ह नाहीये,” नवरा म्हणाला. “नुसता ठिपका आहे. डावीकडे मोठा बदल, उजवीकडे छोटा. नववा झाला की दहावा. एक पॉइंट नऊनंतर एक पॉइंट दहा.”

“म्हणजे पुढे जाता जाता मागे आलात. एक पॉइंट दहा म्हणजे एक पॉइंट एक. शेवटच्या शून्याला किंमत नसते. अर्धा वर्ग हीच चूक करायचा. दहा नवापेक्षा मोठे, म्हणून एक पॉइंट दहा मोठं. मार्क कापून कापून माझी लाल शाई संपायची.”

“मग माझेही कापा. पण इथे ते मोठंच आहे.”

“अहो, पण मग भांडण कशाबद्दल आहे?”

नवऱ्याला आजवर हा प्रश्न घरात कुणी विचारला नव्हता. मी तर मुळीच नाही. त्याने खुर्ची ओढून दिली आणि सांगायला लागला. सगळ्यांच्या नोंदीत एक पॉइंट नऊ आहे आणि त्यानंतर एकदम दोन पॉइंट शून्य. मधलं एक पॉइंट दहा कुणीही, कधीही, कुठल्याच यंत्रावर पाहिलेलं नाही. पण गाड्यांच्या शर्यतीचा एक जुना खेळ आहे, त्याच्या खोक्यावर मागे बारीक अक्षरात छापलंय, ‘फर्मवेअर एक पॉइंट दहा आवश्यक’. खेळाच्या डिस्कमध्ये सुधारणेची फाईलही आहे. ती उघडून वाचता येत नाही, कुलूपबंद आहे. आणि डिस्क यंत्रात घातली की यंत्र म्हणतं, तुमच्याकडे आधीच नवीन आहे, सुधारणेची गरज नाही. सगळ्यांनी घालून पाहिली. एक पॉइंट चारवाल्याने, सातवाल्याने, नऊवाल्याने. पुरावेवाले म्हणतात, छपाईची चूक आहे, कंपनीला एक पॉइंट एक म्हणायचं होतं आणि फाईल जुनी आहे.

बाबा ऐकत होते. मग म्हणाले, “यंत्र काय चुकीचं म्हणतंय? नऊवाल्याकडे एक पॉइंट दहापेक्षा मोठा नंबर आहेच. चारवाल्याकडेही आहे.”

“बाबा, दशांश म्हणून वाचलं तर. माणूस तसं वाचेल. यंत्र कशाला वाचेल?”

“यंत्राला वाचायला शिकवलं कुणी? माणसानेच ना?”

नवऱ्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मी आजवर त्याला असा फक्त एकदा पाहिलाय, मी लग्नाला हो म्हटलं तेव्हा. तेव्हाही इतका वेळ नाही.

“म्हणजे ती सुधारणा कंपनीने काढली,” तो हळूहळू म्हणाला, “आणि प्रत्येक यंत्राने ती जुनी समजून नाकारली. म्हणून कुणाला मिळालीच नाही. कंपनीच्या लक्षात आलं आणि त्यांनी गुपचूप दोन पॉइंट शून्यवर उडी मारली.”

“प्रोग्रॅम लिहिणारा शाळेत गणितात पक्का असणार,” बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता. “एकही मार्क कापला गेला नसेल त्याचा.”

“तुमचाच विद्यार्थी असेल.”

“असेलही. मी काय वाईट शिकवत नव्हतो.”

त्या दोघांना हसताना पाहून मला इतकं बरं वाटलं की मी आपणहून चहा टाकला. वाटलं, आता बाबा राहतील.

चहा पिता पिता बाबांनीच पुढचं काढलं. एक पॉइंट एक ज्याच्याहून मोठं असेल, असं यंत्र असेल तर ते सुधारणा घेईल. म्हणजे एक पॉइंट शून्य. अगदी पहिलं, कधीच न बदललेलं.

नवऱ्याने कप खाली ठेवला.

असं एक यंत्र आमच्या घरात आहे. एका बंद पडलेल्या दुकानाच्या काचेतलं, नुसतं शोभेला ठेवलेलं. जगात अशी फार थोडी उरलीत आणि ज्यांच्याकडे आहेत ते त्यांना बोट लावू देत नाहीत, कारण एकदा सुधारणा घेतली की परत एक पॉइंट शून्यवर येता येत नाही. आमचं यंत्र माझ्या स्वेटरांच्या खणात असतं आणि माझे स्वेटर खुर्चीवर. नवऱ्याने ते मला फक्त वार्षिक दर्शनापुरतं दाखवलंय. ज्यांना प्रयोग करता आला असता त्या सगळ्यांचं असंच होतं, म्हणूनच तो आजवर कुणी केला नव्हता.

रविवारी दुपारी तो उठला, खण उघडला आणि यंत्र आणून टीव्हीसमोर ठेवलं.

आता बाबाच घाबरले. “जावईबापू, थांबा. ती फाईल अर्धवट निघाली तर?”

“तर यंत्र कायमचं मरेल.”

“आणि माझंच चुकलं असेल तर?”

“तर तुमचं नाव घालून जगभर सांगेन.” तो हसला, पण वायर त्याने दोनदा उलटी लावली, आणि हा माणूस दहाव्या मजल्यावर दोरावर लोंबकळून काम करतो. बाबांनी पुन्हा ‘राहू द्या’ म्हटलं. तो म्हणाला, “बाबा, तुम्ही सांगितलेलं मला पटलंय. आता डिस्क नाही घातली तर पटलं नाही असं होईल.”

डिस्क आत गेली. पडदा काळा झाला. मग अक्षरं उमटली: नवीन सुधारणा उपलब्ध आहे. घ्यायची?

नवरा खुर्चीतून असा उडाला की लॅपटॉप पडता पडता वाचला. मग त्याने बाबांकडे पाहिलं, बाबांनी मान हलवली आणि त्याने बटण दाबलं. पट्टी भरत गेली, अर्ध्यावर येऊन थांबली आणि थांबूनच राहिली. मी गेम कधी हातात धरलेला नाही, पण त्या वेळी त्या पट्टीसाठी नवसही बोलले असते. पट्टी हलली. यंत्र बंद झालं, पुन्हा सुरू झालं आणि माहितीच्या पानावर आकडा आला. एक, ठिपका, एक, शून्य.

नवरा रडत होता. थोडं आनंदाने, थोडं गेलेल्या यंत्राच्या दुःखाने, मी विचारलं नाही. बाबा चष्मा पुसून म्हणाले, “शेवटचं शून्य द्यायची गरज नव्हती.”

ग्रुपमध्ये दंगा उडाला. पुरावेवाल्यांनी फोटो मागितला, व्हिडिओ मागितला, दुसऱ्या बाजूने व्हिडिओ मागितला आणि अखेर एकच शब्द लिहिला: मान्य. नवऱ्याने नोंदीत शोध लावणाऱ्याच्या जागी लिहिलं, ‘सासरे’.

हे दाखवायला मी बाबांच्या खोलीत गेले. ते बॅग भरत होते.

“हे काय?” मी म्हटलं.

“परवा एक तारीख. सुटला प्रश्न, छान झालं. आता रोज रोज असा प्रश्न कुठून आणणार जावई? मी पुन्हा खिडकीतच ना.”

आणि माझा जो पारा चढला तो चढला. “कुणी सांगितलं तुम्हाला उपयोगी पडायला? नका पडू! खिडकीत बसा, पाट्या दुरुस्त करा, माझ्या मॅनेजरला रडवा, नाहीतर काहीच करू नका! आई गेली, आता तुम्हीही समोर नसलात तर मी घरी कशाला येऊ? डॉक्टर नाही, जिने नाही, काही नाही. मला तुम्ही हवे आहात! बास!”

बाबा हातात घडी घातलेला शर्ट धरून उभे राहिले. यावर खोडून काढण्यासारखं काही सापडतंय का ते शोधत असावेत. मग शर्ट पलंगावर ठेवला आणि फोन उचलून निवासाचा नंबर लावला.

“मी येत नाही,” ते म्हणाले. “हो, खोली दुसऱ्याला द्या.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि वर्गात निकाल वाचून दाखवावा तसं मोठ्याने सांगितलं, “कारण लिहा, मुलगी सोडत नाही.”