मंदाचा पांगुळगाडा

मित्रांनो, तान्ही मुले ज्याला धरून पहिली पावले टाकतात तो पांगुळगाडा मी. लाकडाचा, तीन चाकांचा, आता बराच जुना. माझा जन्म कल्याणचा, सन अठराशे ऐंशीच्या सुमाराचा. भिवा सुताराने मला सागाच्या लाकडातून घडवले आणि कचेरीतले कारकून त्र्यंबकराव मला घरी घेऊन आले. त्यांची मुलगी मंदाकिनी माझी दांडी धरून चालायला शिकली. पुढे ती पळू लागली आणि मी माळ्यावर गेलो. त्याचे वाईट वाटले नाही. मुले चालू लागली की आमचे काम संपते.

मंदा पाच वर्षांची होत आली, तेव्हा तिचा धाकटा भाऊ श्रीपाद उभा राहू लागला. मला खाली काढून पुसले.

"तो माझा आहे," मंदा म्हणाली.

"तू आता मोठी झालीस," त्र्यंबकराव म्हणाले.

बाळ आल्यापासून ती हेच ऐकत होती. आईच्या मांडीवर बसायला गेली तरी हेच, भरव म्हणाली तरी हेच.

एका दुपारी श्रीपाद मला धरून उभा असताना मंदाने मला हिसका देऊन ओढले. पोर उंबऱ्यावर आपटले. कपाळाला खोक पडली, रक्त आले.

"हिला थोडे दिवस खडवलीला मामाकडे धाडू," त्र्यंबकराव म्हणाले. "एखाद्या वेळी पोराचा डोळा जायचा."

मंदाची आई उत्तराबाई नवऱ्यापुढे फारशी बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "आपण सगळ्यांना नकोशा झालोय, असं तिला वाटतंय. धाडलं तर तिची खात्रीच पटेल."

त्र्यंबकरावांनी मंदाला धाडायचा विषय सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी उत्तराबाईने श्रीपादला शेजारच्या शेवंतीकाकूंकडे दिले आणि मला ओटीवर आणले.

"मंदे, गाडा चालव बघू."

"मी मोठी आहे ना?"

"असू दे. आज माझ्याकडे ये."

उत्तराबाई पूर्वीसारखीच हात पसरून समोर बसली. मंदा कमरेत वाकून, गुडघे आपटत, मला ढकलत निघाली. आईच्या कुशीत शिरली आणि बराच वेळ रडली.

मग तिने विचारले, "बाळाला फार लागलं का गं?"

"लागलं. पण भरून येईल."

त्यानंतर रोज थोडा वेळ आई एकट्या मंदाची असे. मंदा एकदम शहाणी झाली नाही; अधूनमधून चिमटे काढीच. पण एका संध्याकाळी तिने आपण होऊन श्रीपादचे हात माझ्या दांडीवर ठेवले. "पडलास तर मी आहे," म्हणाली आणि त्याच्या मागे मागे चालू लागली. त्र्यंबकराव तेव्हाच कचेरीतून आले. दारात उभे राहून त्यांनी ते पाहिले. मग पागोटे न उतरवताच त्यांनी आधी मंदाला उचलून कडेवर घेतले.

मित्रांनो, माझे एक चाक आता निखळले आहे; ते बसवा असे मी म्हणत नाही. तुमच्या घरी बाळ आले आणि तुम्हाला रडू आले, तर कोपऱ्यात बसू नका. आईकडे जा आणि म्हणा, "मलाही घे."