ओल्या टोपीचं काडतूस

एमिल हॉर्वाथच्या पिस्तुलात दोष निघाला, तर ड्वेन शुल्टेचा फायदाच होता. पुढचे सगळे शनिवार एमिल त्याच्या गॅरेजात येऊन बसला असता, दुरुस्तीच्या निमित्ताने दोघांनी ते पिस्तूल पुन्हा पुन्हा खोललं असतं, एमिलची बायको रोझलिन हिने खसखशीचा रोल पाठवला असता, आणि 'आता तुझ्या हातात पूर्वीची कला राहिली नाही' असं एमिलने वर ऐकवलंही असतं. तेही ड्वेनला हवंच होतं. त्याची स्वतःची बायको वारल्यापासून त्याला ऐकवणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. दोष पिस्तुलात नाही निघाला, तर मात्र हे सगळं बुडणार होतं. म्हणून लोखंडी शिकंज्यात आवळलेल्या पिस्तुलातून शेवटची गोळी सुटली आणि त्याने दुर्बिणीला डोळा लावला, तेव्हा तो मनातल्या मनात त्या पिस्तुलाचं वाईटच चिंतत होता.

पिस्तूल चांगलं निघालं. पन्नास यार्डांवरच्या कागदावर सगळी भोकं इतकी दाटीने बसली होती, की वर एक बिस्कीट ठेवलं असतं तर सगळी झाकली गेली असती. त्याच पिस्तुलाने, त्याच काडतुसांनी, एमिलने हाताने झाडलेल्या गोळ्या मात्र जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत विखुरल्या होत्या.

एमिलनेही दुर्बिणीतून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"शिकंज्याचं काय घेऊन बसलास," तो म्हणाला. "त्याला ना मनगट, ना सांधे. माझ्या हातात आलं की हे पिस्तूल उड्या मारतं, त्याचं बोल."

ड्वेन त्याचं बोलला. म्हणजे दोघांनी मिळून पिस्तुलाचे लाड सुरू केले. आधी नळीवरची नेम धरायची माशी ढिली असेल म्हणून माशी बदलली. मग स्प्रिंगा बदलल्या. मग चाप जड आहे म्हणून तो घासून हलका केला, आणि फार हलका झाला म्हणून पुन्हा जड केला. नळीचं तोंड जिथे बसतं तिथलं कडं ड्वेनने नवं घडवलं. पिस्तूल झालं, मग काडतुसांची पाळी आली. बारूद चिमूटभर कमी केली, मग चिमूटभर वाढवली. शिशाच्या गोळ्या एकेक करून तोलल्या आणि जराही हलकी निघेल ती पुन्हा वितळवायच्या भांड्यात टाकली. वसंत संपेपर्यंत त्या पिस्तुलात मूळचं म्हणावं असं फारसं काही उरलं नाही. बदलला नव्हता तो फक्त धरणारा.

ते दोघे टोलेडो शहराच्या पूर्वेला राहत. एमिलने जन्म काचकारखान्याच्या भट्टीसमोर काढला होता, ड्वेनने शाळेच्या बसगाड्यांखाली. नदीकाठच्या क्लबात दोघे एकाच वर्षी आले. एका हातात पिस्तूल, दुसरा हात खिशात, अशा नेमबाजीत एमिल क्लबात पहिला होता आणि राज्याच्या सामन्यात जाणाऱ्या चौघांच्या संघात तो नाही असा उन्हाळा कुणाला आठवत नव्हता. ड्वेन नेमबाज म्हणून बेताचाच. त्याचं नाव होतं ते काडतुसं भरण्यात. मित्रमंडळी आपल्या झाडलेल्या कवच्या, बारूद आणि शिसं त्याच्या गॅरेजात आणून टाकत, तो भरून देई, आणि त्याबद्दल काही घेत नसे. त्याची कमाई वेगळीच होती. सामन्याला कुणाचा नेम चुकला आणि काडतुसांबद्दल शंका निघाली, की कोणीतरी म्हणे, "ड्वेनची आहेत." तिथे तो विषय मिटे. ह्या दोन शब्दांवर माणूस किती वर्षं खूश राहू शकतो हे ड्वेनकडे पाहून कळलं असतं.

मे महिन्यात एका सकाळी रोझलिन एकटीच गॅरेजात आली. हातात रोल होता, पण तो देण्यासाठी ती आली नव्हती. ती दारातच उभी राहिली.

"सूप त्याच्या तोंडापर्यंत अर्धंच पोचतं, ड्वेन," ती म्हणाली. "आणि म्हणतो काय, तर चमचे भिकार आहेत. मी नवे चमचे आणले."

ड्वेन हातातली नळी पुसत राहिला.

डॉक्टरचं नाव काढलं की तो म्हणतो, आधी पिस्तूल ताळ्यावर येऊ दे, मग बघू, असं तिने सांगितलं. तिच्या भावाचं असंच झालं होतं. त्याने उशीर केला, आणि आता त्याला कोट घालायलासुद्धा माणूस लागतो.

"माझं तो ऐकायचा नाही. पिस्तुलाबाबत तो तुझंच ऐकतो. तू दाखव त्याला."

ड्वेनने मान हलवली. दाखवायचं कसं, हे त्याला ठाऊक होतं. क्लबात सगळ्यांनाच ठाऊक होतं. नव्या नेमबाजाला वाटत असतं की आपला हात स्थिर आहे, कारण बार उडाला की त्या धक्क्यात हाताची चूक झाकली जाते. म्हणून शिकवणारा त्याचं मॅगझीन आपण भरून देतो आणि काडतुसांत एक पोकळ काडतूस सरकवतो. दिसायला इतरांसारखंच, पण आत बारूद नाही, आणि बुडाला ठिणगी पाडणारी टोपी असते तिथे नुसतं भोक. चाप ओढला की 'टिक' होतं आणि बार उडत नाही. धक्काच नसल्यामुळे हाताने काय केलं ते उघडं पडतं. ही शिकवणी क्लबात इतकी वर्षं एमिलच देत आला होता. पोरं ओशाळली की तो हसे आणि त्यांना कॉफी पाजे.

गुरुवारच्या सरावाला ड्वेनने बोलता बोलता एमिलचं मॅगझीन भरलं. बोलणं सरोवरातल्या मासळीचं चाललं होतं. यंदा पर्च मिळत नाहीत, अशी एमिलची तक्रार होती. ती ऐकत ऐकत ड्वेनने पोकळ काडतूस मधे सरकवलं. शेजारच्या जागेवर गॉर्डी फायफर उभा होता. तो विम्याच्या कचेरीत होता, संघातला दुसरा गडी होता, आणि जे पाही ते सगळ्यांना सांगितल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. त्याच्या पलीकडे आणखी पाचसहा जण होते.

एमिलने हात उचलला. पहिला बार उडाला. दुसरा उडाला. मग 'टिक'.

पिस्तुलाचं तोंड जमिनीकडे झुकलं आणि परत वर आलं. इथपर्यंत ड्वेनने गृहीतच धरलं होतं. पण एक गोष्ट त्याच्या लक्षात आली नव्हती. बार उडाला नाही तर काडतूस उशिराने पेट घेऊ शकतं, म्हणून पिस्तूल समोर रोखून थांबायचं, हा नियम. शिकाऊ पोरं तो विसरतात, एमिल विसरणारा नव्हता. तो हात लांब करून तसाच उभा राहिला. आणि त्या लांब केलेल्या हातात, सगळ्या रांगेसमोर, पिस्तूल थरथरू लागलं. आधी टोक, मग मनगट, मग कोपरापर्यंत. बाजूचे बार थांबले. गॉर्डीने कानावरचं झाकण काढलं. एमिल हात खाली घेईना, कारण नियम म्हणजे नियम, आणि हात थांबेना.

आता एक वाक्य बोललं की झालं, असं ड्वेन घोकत आला होता. 'एमिल, पोकळ होतं ते. हात बघ.' त्याने तोंड उघडलं.

"टोपी ओली असणार," तो म्हणाला, मुद्दाम मोठ्याने. "माझीच चूक. हिवाळ्यात तळघरात पाणी आलं होतं, तेव्हा तो डबा टाकून द्यायला हवा होता."

रांगेतल्या सगळ्या माना एमिलच्या हातावरून ड्वेनकडे वळल्या. एमिलने पिस्तुलाचा वरचा सरकता भाग मागे ओढला, काडतूस उडून सिमेंटवर पडलं, आणि ड्वेनने ते चटकन उचलून खिशात घातलं.

"ओली टोपी?" गॉर्डी म्हणाला. "तुझ्याकडे?"

"माझ्याकडे," ड्वेन म्हणाला.

एमिलने पिस्तूल बाकावर ठेवलं. मग हात खिशात घातला. थोड्या वेळाने मात्र तो असा खुलला की बघत राहावं. आता कळलं, म्हणाला, माझे गुण कुठे बुडाले ते. ह्या गड्याने तळघरात बेडूक पाळलेत. सगळे हसले. ड्वेनही हसला.

त्या हसण्याची किंमत हप्त्याहप्त्याने वसूल झाली. पुढच्याच आठवड्यात गॉर्डीने आपली राहिलेली बारूद परत मागितली. कारण अगदी सभ्य सांगितलं, सध्या दुकानातली काडतुसं स्वस्त मिळताहेत म्हणे. दुसऱ्या एकाने तेवढंही सांगितलं नाही. ड्वेनने भरून दिलेली पेटी त्याने पक्कड घेऊन एकेक काडतूस फोडत रिकामी केली, आणि तेही क्लबाच्या आवारात, सगळ्यांच्या देखत. ओली टोपी एकदा निघाली की शंभर चांगल्या टोप्यांना कोणी विचारत नाही. सामन्याला कुणाचं पिस्तूल अडलं, की 'ड्वेनची आहेत' हे दोन शब्द आताही ऐकू येत, पण सूर बदललेला असे.

रोझलिनने फोनवर विचारलं, "दाखवलंस?" जमलं नाही, असं तो म्हणाला. पलीकडून तिने बरं म्हणून फोन ठेवला. त्यानंतर रोल आला नाही. एमिल डॉक्टरकडे गेला नाही. जाईल कशाला? दोष सापडला होता, आणि तो ड्वेनच्या तळघरात होता.

जुलैत एरी सरोवराकाठी राज्याचा सामना झाला. एमिलने गॉर्डीकडून दुकानची काडतुसं घेतली. पाण्यावरून वारा होता, पण फार नव्हता. पहिल्या फेरीत त्याच्या दोन गोळ्या काळ्या वर्तुळाच्या बाहेर गेल्या. दुसऱ्या फेरीत एक कागदालाही लागली नाही. तिसऱ्या फेरीच्या आधी त्याने पिस्तूल रिकामं करून बाकावर ठेवलं आणि हात वर केला. पंच आला. पिस्तूल अडलं असेल तर फेरी पुन्हा मिळते, म्हणून काय बिघडलंय, असं त्याने विचारलं.

"काही नाही," एमिल म्हणाला. "पिस्तूल चांगलं आहे. काडतुसंही चांगली आहेत."

संघ शेवटून पहिला आला.

परतताना गाडी ड्वेनने चालवली. मक्याच्या शेतांमधून निम्मी वाट सरली, तेव्हा एमिल बोलला.

"त्या गुरुवारचं काडतूस पोकळ होतं."

ड्वेनने रस्त्यावरची नजर काढली नाही. "तुला कधी कळलं?"

"तेव्हाच. तुझं एखादं काडतूस वाजलं नाही, तर तू ते नाकाशी धरून, उजेडात फिरवून, बुडावरची खूण पाहून वेड लागायची पाळी आणतोस. हे तू बघितलंसुद्धा नाहीस. सरळ खिशात."

"मग बोलला का नाहीस?"

एमिल खिडकीबाहेर बघत होता. मांडीवरचा हात त्याने दुसऱ्या हाताने दाबून धरला होता.

"मला अजून एक उन्हाळा हवा होता," तो म्हणाला. "तू देत होतास. मी घेतला."

घरी गाडी थांबली तेव्हा रोझलिन पायरीवर उभी होती. तिने एमिलच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता पिस्तुलाची पेटी आपण उचलली. दुसऱ्याच दिवशी तिने डॉक्टरला फोन केला. डॉक्टरने आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या सुरू केल्या, आणि हिवाळ्यातच आला असतात तर बरं झालं असतं, असंही सांगितलं. ते वाक्य रोझलिनने ड्वेनला कळवलं नाही. एमिलने कळवलं.

सप्टेंबरात एमिल क्लबात गेला आणि सगळ्यांसमोर उभा राहून खरं ते बोलला. टोपी ओली नव्हती, टोपीच नव्हती, माझा हात झाकायला हा खोटं बोलला, आणि मी त्याला बोलू दिलं. मंडळींनी अगदी मन लावून ऐकलं. गॉर्डीने उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बाहेर पडल्यावर तो म्हणाला की माणूस असावा तर असा, स्वतःचं दुखणं पुढे करून मित्राची चूक पोटात घालतोय. बाकीच्यांना ते पटलं. ड्वेनकडे बारूद घेऊन कोणी आलं नाही.

शनिवार मात्र परत आले. एमिल गॅरेजात येऊन बसतो. झाडलेल्या पितळी कवच्या त्याच्यासमोर ढिगाने असतात, त्या निवडून तो एकेक करून लाकडी फळीच्या भोकांत उभ्या करतो. आता ही काडतुसं कुणासाठी भरायची, हे दोघेही विचारत नाहीत. मधेच एखादी कवची बोटांतून निसटते आणि बाकाखाली घरंगळत जाते. ड्वेन आपलं काम थांबवून वाट पाहतो, पण वाकत नाही. एमिल खुर्चीवरून उतरतो, गुडघे टेकतो, चाचपत ती शोधतो, आणि वर येऊन पुन्हा भोकाशी धरतो. भोकाच्या कडेवर ती किती तरी वेळ टकटक वाजत राहते, मग बसते.

हिशेब एवढाच, की त्या एका पोकळ काडतुसापायी ड्वेनचं नाव गेलं, रोझलिनचा उन्हाळा गेला, आणि एमिलचा हात तर जाणारच होता. बार तेवढा उडाला नाही.