बाबांचं रोजचं अपडेट

लॅपटॉप मान टाकायच्या आधी पडद्याच्या उजव्या कडेपासून साधारण दोन बोटं आत एक हिरवी रेघ उमटायची. केसाएवढी बारीक आणि वरपासून खालपर्यंत अगदी सरळ. मग चित्र थिजायचं, पडदा काळा व्हायचा. आतला पंखा मात्र काहीच घडलं नसल्यासारखा घुमत राहायचा.

घरातल्या धाकट्या लेकीनं, धाकटीनं, ही रेघ नीट पाहून ठेवली होती. नकाशे काढायचं तिचं काम, त्यामुळे रेघांवर तिचं बारीक लक्ष असायचं. दुसऱ्या शहरातल्या एका नकाशासंस्थेनं तिला नोकरीला बोलावलं होतं. तिथल्या संचालकबाई व्हिडिओ कॉलवर विचारायच्या, "मग, येताय ना?" नेमकी त्याच वेळी रेघ यायची. आता बाईंनी निर्वाणीचं कळवलं होतं: आज सकाळी काय ते सांगा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ.

खोड ग्राफिक्स ड्रायव्हरची होती. चित्र कसं काढायचं हे पडद्याला सांगणारा तो प्रोग्राम. त्याची नवी आवृत्ती या जुन्या लॅपटॉपला पचत नव्हती. धाकटी रात्री जुनी आवृत्ती बसवायची, लॅपटॉप शहाण्यासारखा चालायचा, आणि सकाळी नवी पुन्हा ठाण मांडून! आपोआप होणारं अपडेट तिनं बंद केलं. तरी तेच. शेवटी, यंत्र तापत असेल म्हणून तिनं ते स्वयंपाकघरातल्या चाळणीवर ठेवलं.

"माझी पिठाची चाळणी!" आत्या कडाडली. "दुखणं म्हशीला नि डाग पखालीला!"

उत्तर द्यायच्या त्या सकाळी धाकटी जरा लवकर बाहेरच्या खोलीत आली आणि दारातच थबकली. बाबा लॅपटॉपसमोर बसले होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, एक बोट ताठ. त्यांनी श्वास रोखून एक बटण दाबलं.

"बाबा! काय करताय?"

"अपडेट. रोज करतो." बाबा अभिमानानं म्हणाले. उभा जन्म त्यांनी कारखान्यांचे बॉयलर तपासण्यात घालवला होता. तांबडा दिवा दिसला की तो विझवल्याशिवाय त्यांना घास गिळवत नसे. "इथे कोपऱ्यात तांबडा ठिपका येतो. तुला कुठला वेळ! म्हटलं, पोरीचा कॉल नीट व्हायला हवा."

"अहो, त्यानंच तर बंद पडतो!"

बाबांचं बोट हवेतच राहिलं. "म्हणजे मी…?"

"बाप बिघडवतो, लेक दुरुस्त करते," आत्या दारातून म्हणाली. "दोघांचाही वेळ छान जातो."

तेवढ्यात कॉल वाजला. धाकटीनं घाईनं उचलला. संचालकबाईंचा चेहरा क्षणभर दिसला, नि अर्धवट बसलेल्या ड्रायव्हरनं पडदा काळा केला. तिचा हात सवयीनं झाकणाकडे गेला.

"थांब," आत्या कुजबुजली. "पडदा गेला तरी त्या बाईंचा आवाज येत असतो. मी ऐकलंय. झाकण तूच लावतेस."

धाकटीचे कान तापले. ती बाबांकडे पाहीना.

"अगं, माझ्यासाठी थांबलीस की काय?" बाबा म्हणाले.

"तुमचं जेवणखाण, औषधं…"

"मी काय मेलेय?" आत्या म्हणाली. "लहानपणापासून भांडतोय आम्ही. आता सवड मिळेल."

"हॅलो?" काळ्या पडद्यातून बाईंचा आवाज आला. "चेहरा दिसत नाहीये, पण ऐकू येतंय ना? येताय की नाही?"

बाबांना राहवेना. "रीस्टार्ट करू का?" म्हणत त्यांनी बोट पुढे केलं.

धाकटीनं ते बोट मुठीत घट्ट धरलं.

"येतेय," ती म्हणाली. मग, तिघांनाही ऐकू जावं म्हणून, मोठ्यानं, "मी येतेय."